जपानमध्ये नव्याने सायकल घेताय? नोंदणीपासून निकालात काढेपर्यंत काय काय करायचं

जपानला येऊन पंधरा-वीस दिवस झाले, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एक सायकल घेऊन टाकू." स्टेशन चालत पंधरा मिनिटं, भाजी-दूध दुसऱ्या टोकाला, मुलाचं पाळणाघर तिसरीकडे. विचार अगदी बरोबर आहे. फक्त आपल्याकडे सायकल घेतली, हँडलला हार घातला, की ती आपली झाली, तसं इथे होत नाही. हे मला जरा उशिरा कळलं.

माझी पहिली सायकल नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दिली. तो कायमचा भारतात परत चालला होता, सायकल चांगली होती, त्याने किल्ली हातात ठेवली आणि मी आभार मानून घेऊन आले. महिनाभराने संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भाजी घेऊन परतताना दोन पोलिसांनी हात करून थांबवलं. एकाने अतिशय नम्रपणे रेसिडेन्स कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मागितलं. दुसऱ्याने खाली वाकून सीटखालच्या नळीवर टॉर्च मारला आणि तिथल्या स्टिकरवरचा नंबर वायरलेसवर वाचून दाखवला. पलीकडून नाव आलं, ते माझं नव्हतं. मग कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, चाळीस मिनिटं गेली. भारतात तेव्हा दुपारचे चार वाजले होते म्हणून त्या सहकाऱ्याने फोन तरी उचलला. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाईट बोललं नाही. पण टोपलीतली कोथिंबीर सुकत होती, मला भाषा धड येत नव्हती, आणि समोरचा माणूस 'ही सायकल तुमची कशावरून?' हे तिसऱ्यांदा विचारत होता.

ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

1. सायकल निवडताना

दोन्ही चाकांना चालू ब्रेक, पुढे पांढरा किंवा फिकट पिवळा दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर किंवा लाल दिवा, आणि घंटी. इतकं असल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणू नका. पुढे टोपली असलेली, भक्कम स्टँडची साधी सायकल, जिला इथे 'मामाचारी' म्हणतात, तिच्यात हे सगळं येतंच. नवख्या माणसाने तीच घ्यावी असं माझं मत आहे. गिअरच्या हलक्या सायकलीत बऱ्याचदा दिवा आणि स्टँड वेगळे घ्यावे लागतात.

बॅटरीवाली घेणार असाल तर एक सापळा आहे. जपानच्या नियमात बसणारी बॅटरीची सायकल तुम्ही पायडल मारलं तरच मदत करते, आणि ताशी 24 किलोमीटरच्या वर ती मदत पूर्ण बंद होते. पायडल न मारता नुसती मूठ पिळून पळणारी सायकल इथे कायद्याने सायकलच नाही, ती छोटी मोटारसायकल ठरते. तिला नंबरप्लेट, विमा आणि परवाना लागतो. अशा गाड्या इंटरनेटवर 'इलेक्ट्रिक सायकल' या नावाने सर्रास विकल्या जातात, त्यामुळे स्वस्त दिसली म्हणून मागवू नका.

2. नोंदणी: बोहान तोरोकु

'बोहान' म्हणजे गुन्ह्याला प्रतिबंध आणि 'तोरोकु' म्हणजे नोंदणी. 1994 पासून ही नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. केली नाही म्हणून थेट दंड नाही, त्यामुळे 'काय गरज आहे' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाकडे सायकल कुणाची हे ताडायला एकच साधन असतं, तो नंबर.

पहिली गोष्ट, ही नोंदणी पोलीस चौकीत होत नाही. ती सायकलच्या दुकानात होते. दुकानाच्या दारावर 'बोहान तोरोकु'ची पाटी असते; घरगुती सामानाची मोठी दुकानं सायकली विकत असतील तर तीही करतात. नवी सायकल घेतानाच करून घेतली की दहा मिनिटांचं काम. सोबत काय लागतं:

- सायकल स्वतः (फोटो चालत नाही)
- रेसिडेन्स कार्ड, सध्याच्या पत्त्यासह
- खरेदीची पावती किंवा होशोशो, म्हणजे गॅरंटी कार्ड
- शुल्क: टोकियोत 660 येन, इतर प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे प्रांतांत, थोडं कमी-जास्त

पत्त्याची नोंद आधी वॉर्ड ऑफिसात करून घ्या, मगच दुकानात जा. दुकानात एवढं म्हटलं तरी पुरतं: "बोहान तोरोकु ओ ओनेगाइ शिमासु."

ऑनलाइन मागवलेली सायकल नोंदणीशिवायच घरी येते. ती घेऊन तुम्हालाच जवळच्या दुकानात जावं लागतं. अशा वेळी खरेदीचा कागद छापील स्वरूपात न्या, त्यावर तुमचं नाव आणि सायकलचा चेसिस नंबर असेल तर उत्तम. चेसिस नंबर सांगाड्यावरच कोरलेला असतो, बहुधा सीटखाली किंवा पायडलच्या सांध्यापाशी.

आता अर्जाबद्दल. आपली नावं तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. अर्जावर चौकोन मोजके, आणि दुकानदार तुमचं नाव ऐकून काताकाना लिपीत त्याला जमेल तसं लिहितो. माझ्या आडनावातल्या 'ळ'चं एका ठिकाणी 'र' झालं, दुसरीकडे 'रु'. उद्या पोलीस नाव जुळवायला गेला की हेच आडवं येतं. म्हणून रेसिडेन्स कार्ड पुढे करून त्यावर आहे त्याच क्रमाने, तसंच्या तसं नाव लिहायला सांगा. काताकानातलं नाव बँकेत जसं दिलं असेल तसंच इथेही द्या, एका कागदावर लिहून सोबत ठेवा. फोन नंबर मात्र न विसरता तपासा. सायकल सापडली तर पोलीस त्याच नंबरवर फोन करतात.

शेवटी दुकानदार सीटखालच्या नळीवर स्टिकर चिकटवतो आणि अर्जाची एक प्रत तुमच्या हातात देतो. तिला 'हिकाए' म्हणतात. हा कागद पावत्यांच्या ढिगात टाकू नका. नोंदणी रद्द करताना, सायकल दुसऱ्याला देताना, चोरीची तक्रार करताना, दर वेळी हाच लागतो. मी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवते आणि मूळ प्रत पासपोर्टच्या फाइलमध्ये. टोकियोत नोंदणी 10 वर्षं चालते. मुदत प्रीफेक्चरनुसार बदलते.

3. दुसऱ्याची वापरलेली सायकल घेताना

आपल्या लोकांची गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. परत जाणारी मंडळी सायकल, भात शिजवायचा कुकर, फ्युतोन (जपानी गादी) सगळं वाटून जातात. कुकरचं ठीक आहे, सायकलीचं नाही.

रीत अशी. देणाऱ्याने आधी स्वतःच्या नावाची नोंदणी रद्द करायची. हे नोंदणीच्या दुकानात किंवा पोलीस ठाण्यात होतं. कुठे, ते प्रीफेक्चरवर अवलंबून. त्यासाठी सायकल, त्याचं ओळखपत्र आणि हिकाए लागतं. मग त्याने तुम्हाला 'जोतो शोमेइशो', म्हणजे हस्तांतराचा कागद लिहून द्यायचा. त्यावर दोघांची नावं, पत्ते, तारीख, चेसिस नंबर, जुना नोंदणी नंबर आणि देणाऱ्याची सही. त्यानंतर तुम्ही सायकल, तो कागद आणि तुमचं रेसिडेन्स कार्ड घेऊन दुकानात जाऊन नव्याने नोंदणी करायची. शुल्क पुन्हा भरावं लागतं.

हे सगळं देणारा जपानमध्ये असतानाच झालं पाहिजे. तो विमानात बसला, की त्याचं रेसिडेन्स कार्ड गेलं, जपानी फोन नंबर गेला, आणि रद्द करायला माणूसच उरला नाही. निरोपाच्या गडबडीत अर्धा तास काढायला सांगणं अवघड वाटतं, पण सांगाच. दोघांनी मिळून एकाच दुकानात गेलं तर रद्द आणि नवी नोंदणी एकाच खेपेत उरकायची शक्यता असते. जायच्या आधी दुकानात विचारून घ्या.

जुन्या सायकलींच्या दुकानातून घेतली तर कागद दुकानच बघतं. मोबाइल ॲपवरून अनोळखी माणसाकडून घेणार असाल, तर नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. इमारतीच्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने धूळ खात पडलेली, कुलूप नसलेली सायकल 'कुणाची नाही' म्हणून उचलू नका. दुसऱ्याच्या हातून सुटलेली वस्तू स्वतःची म्हणून वापरणं हा जपानच्या फौजदारी कायद्यात गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ती चोराने तिथे टाकलेली असते आणि मूळ मालकाने तक्रार केलेली असते, असंही पुष्कळदा निघतं. विद्यार्थी यात हमखास अडकतात. आपला सगळा मुक्काम व्हिसावर असताना असली जोखीम कुणीही घेऊ नये.

4. विमा

कोबेमध्ये 2008 साली 11 वर्षांचा एक मुलगा रात्री सायकलवरून उतार उतरत होता. साठी ओलांडलेल्या एका बाईंना त्याची धडक बसली आणि त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. 2013 साली न्यायालयाने मुलाच्या आईला साधारण 9 कोटी 50 लाख येन भरपाई द्यायला सांगितलं. या निकालाने सगळ्यांचे डोळे उघडले. ह्योगो प्रीफेक्चरने 2015 मध्ये सायकलचा विमा बंधनकारक केला, मग ओसाकाने 2016 मध्ये, टोकियोने एप्रिल 2020 पासून, आणि पुढे बऱ्याच प्रीफेक्चरांनी.

नवा विमा घ्यायच्या आधी घराचा भाडेकरार काढून बघा. घर घेताना जो आगीचा विमा भरावा लागतो, त्यात 'कोजिन बाइशो सेकिनिन' हे शब्द असतील, तर दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई त्यातच असते आणि ती बहुधा सायकलच्या अपघातालाही लागू होते. क्रेडिट कार्डालाही असा विमा जोडलेला असू शकतो. आम्ही वर्षभर दोन ठिकाणी पैसे भरत होतो हे मला असंच कळलं. विमा नसेल, तर कमी हप्त्यात वेगळा मिळतो. दुसरा मार्ग टीएस मार्कचा: प्रमाणित मेकॅनिककडून सायकल तपासून घेतली की तो स्टिकर लावतो, त्याच्यासोबत विमा येतो. त्याची मुदत मात्र एकच वर्ष.

5. उभी कुठे करायची

इमारतीत राहत असाल तर व्यवस्थापनाकडून सायकलसाठी वेगळा स्टिकर मागून घ्या. बिनस्टिकरच्या सायकली सूचना लावून ठराविक दिवसांनी हलवतात.

स्टेशनबाहेर शंभर सायकली उभ्या दिसल्या म्हणून एकशे एकावी लावू नका. स्टेशनभोवतीचा भाग बहुधा निषिद्ध असतो. ट्रक येतो, सायकली उचलतो आणि दूरच्या आवारात नेऊन ठेवतो. सोडवायला बहुतेक ठिकाणी 2,000 ते 5,000 येन, शिवाय ओळखपत्र, किल्ली आणि तिथपर्यंतचा हेलपाटा. ठराविक मुदतीत नेली नाही तर विल्हेवाट लावतात.

सायकलतळाला 'च्यूरिन्जो' म्हणतात. रोजच्या वापराला महिन्याचा पास, 'तेइकि', परवडतो. स्टेशनाजवळच्या तळांना प्रतीक्षायादी असते आणि इथलं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे हिवाळ्यातच अर्जाची चौकशी करा.

6. चालवताना

डावीकडून चालवणं आपल्या अंगवळणी पडलेलंच आहे. अडचण आहे ती 'थोडंच अंतर आहे, उलट बाजूने गेलं तरी चालतं' या सवयीची. इथे चालत नाही. सायकल हे वाहन आहे आणि तिची जागा रस्त्याच्या डाव्या कडेला.

फुटपाथवर सायकली दिसतात, पण तो अपवाद आहे. निळ्या गोल पाटीवर चालणारी माणसं आणि सायकल असं चित्र असेल तिथे परवानगी असते. त्याशिवाय 13 वर्षांखालची मुलं, 70 वर्षांवरची माणसं, आणि रस्त्यावरून जाणं खरोखर धोक्याचं असेल तेव्हा इतर कुणीही. तिथेही रस्त्याकडच्या बाजूने, चालायच्या वेगाने जायचं. आणि माणसं बाजूला व्हावीत म्हणून घंटी वाजवायची नाही! आपल्याला घंटी वाजवणं सौजन्य वाटतं, इथे ते नियमभंग आहे. थांबा, उतरा, ढकलत पुढे जा.

लाल उलट्या त्रिकोणावर 'तोमारे' लिहिलेलं दिसलं की पूर्ण थांबायचं. नुसता वेग कमी करून चालत नाही. पाय जमिनीला टेकवायची सवय लावा, म्हणजे वाद राहत नाही. चौकात उजवीकडे वळताना गाड्यांसारखं मधून वळू नका. आधी सरळ पलीकडे जा, तिथे तोंड वळवून थांबा आणि त्या बाजूचा सिग्नल मिळाला की निघा.

1 एप्रिल 2026 पासून 16 वर्षांवरच्या सायकलस्वारांना गाड्यांप्रमाणे निळी पावती, 'आओ किप्पु', लागू झाली आहे. दंड असे:

- हातात मोबाइल धरून बोलणं किंवा बघणं: 12,000 येन
- सिग्नल तोडणं: 6,000 येन
- उलट बाजूने चालवणं: 6,000 येन
- 'तोमारे'ला न थांबणं, रात्री दिवा न लावणं, ब्रेक नसणं: प्रत्येकी 5,000 येन
- छत्री धरून, किंवा आजूबाजूचं ऐकू येणार नाही असे इअरफोन लावून चालवणं: 5,000 येन
- डबलसीट, किंवा शेजारी-शेजारी दोघांनी चालवणं: 3,000 येन

मिळाल्यापासून सात दिवसांत बँकेत किंवा पोस्टात पैसे भरले की प्रकरण मिटतं, गुन्ह्याची नोंद होत नाही. भरले नाहीत तर ते फौजदारी वाटेने पुढे जातं, म्हणून पावती जपानीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका.

दारू मात्र या पावतीच्या पलीकडची गोष्ट आहे. नोव्हेंबर 2024 पासून श्वासात ठराविक प्रमाणाच्या वर मद्य सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाख येनपर्यंत दंड आहे. प्यायलेल्या माणसाला सायकल देणाराही शिक्षेला पात्र होतो. ऑफिसच्या पार्टीला सायकल नेऊच नका. नेलीच असेल तर ढकलत घरी या, ढकलणारा पादचारी मानला जातो.

छत्रीबद्दल थोडं. जूनचा पाऊस आपल्या रिमझिमीसारखा तास-तास पडतो आणि एका हातात छत्री धरायचा मोह होतोच. पायापर्यंत येणारा सायकलचा रेनकोट पहिल्या महिन्यातच घेऊन ठेवा.

मूल असेल तर ते कॅरिअरवर नुसतं बसवता येत नाही. प्रमाणित बालआसन हवं, चालवणारा 16 वर्षांवरचा हवा आणि मूल शाळेच्या वयाच्या आतलं. दोन मुलांसाठी वेगळ्या बनावटीची मजबूत सायकल लागते. मुलाला बसवताना आधी हेल्मेट, मग आसन, मग पट्टा. उतरवताना उलट क्रम. आणि स्टँडवर उभ्या सायकलवर मूल बसलेलं असताना हँडलवरचा हात सोडू नका. किराणा टोपलीत टाकायला वळलं की तेवढ्यात सायकल कलंडते. शेजारच्या बाईंनी मला हे पहिल्याच दिवशी हात धरून दाखवलं होतं.

मोठ्यांनीही हेल्मेट घालावं असं एप्रिल 2023 पासून कायदा सांगतो. दंड नाही, तरी घाला.

7. पोलिसांनी थांबवलं किंवा अपघात झाला तर

नंबर तपासण्यासाठी थांबवणं हे इथे नेहमीचं आहे, घाबरू नका. रेसिडेन्स कार्ड जवळ बाळगणं 16 वर्षांवरच्या परदेशी माणसाला बंधनकारकच आहे, ते दाखवा. नंबर तुमच्या नावावर असेल तर दोन मिनिटांत सोडतात. दिवा न लावलेली सायकल आधी नजरेत भरते, त्यामुळे अंधार पडायच्या आधीच दिवा लावा.

किरकोळ धडक बसली आणि समोरचा 'दाइजोबु', काही नाही, म्हणाला तरी 110 वर फोन करून पोलिसांना बोलवा. कुणाला लागलं असेल तर 119. पोलिसांकडे नोंद नसेल तर अपघाताचा दाखला मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय विम्याचे पैसे मिळणं कठीण होतं.

8. चोरी झाली तर

दोन वेगळ्या प्रकारची कुलपं लावा, एकाने भागत नाही. तरीही गेली, तर आधी ती उचलून नेलेल्या सायकलींत नाही ना हे पालिकेकडे विचारा. नसेल तर हिकाए घेऊन कोबानमध्ये 'तोनान तोदोके', चोरीची तक्रार, द्या. उशीर करू नका. चोर अशी सायकल बहुतेक वेळा कुठल्यातरी स्टेशनवर टाकून जातो आणि तिथून ती ट्रकमध्ये जाते. उचलण्याच्या आधीच्या तारखेची तक्रार असेल तर अनेक पालिका सोडवायचे पैसे घेत नाहीत.

9. घर बदलताना आणि जपान सोडताना

नोंदी प्रीफेक्चरनुसार वेगळ्या असतात. त्याच प्रीफेक्चरमध्ये घर बदललं तर पत्ता आणि फोन बदलून घ्या. टोकियोतून सैतामाला किंवा कानागावाला गेलात, तर जुनी नोंदणी रद्द करून तिकडे नवी करायची. हिकाए इथे लागतं.

सायकल टाकून द्यायची असेल तर ती 'सोदाइ गोमि', मोठा कचरा, यात मोडते. आधी नोंदणी रद्द करा, मग पालिकेकडे फोनवर किंवा ऑनलाइन दिवस ठरवून घ्या, सांगितलेल्या रकमेचा कचऱ्याचा स्टिकर कन्व्हीनियन्स स्टोअरमधून विकत आणा, आणि ठरलेल्या सकाळी सायकलवर चिकटवून बाहेर ठेवा. मार्च महिन्यात सगळेच घर बदलतात आणि दोन-तीन आठवड्यांनंतरचा दिवस मिळतो. विमानाचं तिकीट काढलंत की त्याच आठवड्यात हा फोन करा.